पॉप्लरचा धडा

लंडन शहराच्या पूर्व भागांत पॉप्लर नांवाचा एक मेट्रोपॉलिटन बरो होता. इ. स. १९०० मध्यें स्थापन झालेला हा विभाग १९६५ सालीं स्टेपनी व बेथनल ग्रीन या शेजारच्या विभागांसह टॉवर हॅम्लेट्समध्यें विलीन झाला. अशा नामशेष विभागाची आठवण आम्हीं वाचकांस कां करून द्यावी?

पॉप्लर ही गोदीकामगारांची गरीब वस्ती. बेकारी वाढली कीं गरिबांच्या पोषणाचा खर्च तेथील गरिबांवरच पडे; धनिकांचे विभाग त्यांतून सुटत. शिवाय साऱ्या लंडनच्या खर्चाचा वांटा द्यावा लागे, तो निराळाच. १९२१ सालीं जॉर्ज लान्सबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा वांटा वसूल करण्याचें नाकारिलें. न्यायालयाचा हुकूमही त्यांनीं मानिला नाहीं. तेव्हां तीस सभासद सुमारें सहा आठवडे तुरुंगांत राहिले. त्यांत स्त्रियाही होत्या. कौन्सिलच्या सभा तुरुंगांतच भरल्या! अखेर त्याच वर्षीं नवा कायदा होऊन त्या खर्चाचा बराच भार साऱ्या लंडनवर वांटला गेला.

कोणी म्हणेल, हुकूम मोडणें हें नागरिकाचें भूषण नव्हे. तें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्यानें स्वतःच्या लाभासाठीं नव्हे, तर शेजाऱ्यासाठीं हुकूम मोडिला आणि शिक्षा उघडपणें भोगिली, त्यास आम्ही गुन्हेगार म्हणणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, विभागांच्या सीमा पुसल्या जातात; परंतु कराचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न प्रत्येक गांवीं उरतोच. तो विचारण्याची संवय तुम्हांस येथेंच लागो.