खो-खोच्या मैदानावरही संशोधन असतं



२७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. भाषणं होतात, काव्यवाचन होतं, जमलं तर ग्रंथदिंडीही निघते. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी टेबलं मांडली जातात, थर्माकोलची सूर्यमाला येते, व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो. पुढे २९ ऑगस्टला क्रीडा दिन येतो आणि आपण मुलांना पळवतो. या तीन दिवसांपैकी ‘संशोधन’ हा शब्द आपल्या तोंडात फक्त एकाच दिवशी येतो, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या?

भाषेच्या दिवशी मुलानं पाठ केलेलं म्हणायचं, खेळाच्या दिवशी जिंकायचं आणि शोध लावायचा तो विज्ञानाच्या दिवशी, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. त्यातही खरा शोध किती असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्वालामुखी फसफसणार हे टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्टचे कागद मिळतात, आई रात्री जागून ते चिकटवते, आणि आपण ‘सुबक मांडणी’ म्हणून मार्क देतो.

गंमत बघा. विज्ञान दिनाला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो त्या सी. व्ही. रामन यांनी तबला आणि मृदंगावर संशोधन केलं होतं. १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचं आणि त्यांच्या एका सहकाऱ्याचं याविषयीचं टिपण छापून आलं, आणि १९३४ मध्ये रामन यांनी भारतीय तालवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. म्हणजे नोबेल मिळण्याच्या आधीही आणि नंतरही हा विषय त्यांच्या डोक्यात होता. प्रश्न साधा होता. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं की धप्प आवाज येतो, त्यात नेमका सूर सापडत नाही. मग तबल्याला सूर कसा लावता येतो? उत्तर मधल्या काळ्या शाईत आहे. शाईमुळे पुडीचा मधला भाग जड होतो. त्यामुळे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि कानाला एक सूर ऐकू येतो. ज्या कारागिरांनी ही शाई पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर देत घोटली, त्यांनी हे कानानं शोधलं होतं. रामन यांनी ते मोजून दाखवलं. मला विचाराल तर हे दोन्ही संशोधनच. शाळेत एक हलगी किंवा डफ आणि एक तबला असेल तर पेटीशेजारी बसून हा फरक पाचवीचं पोरही ऐकू शकतं. हा तास विज्ञानाचा की संगीताचा, हे वेळापत्रक बनवणाऱ्यानं ठरवावं.

आता भाषेकडे येऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. काम पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडलं. देशभरातून बाराशेहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत. प्रत्येक श्लोकासाठी कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, ते शेजारी शेजारी लिहून काढायचं. मग विचार करायचा, की एकमेकांपासून इतक्या दूरच्या, एकमेकींवरून उतरवल्या जाण्याची शक्यता नसलेल्या दोन पोथ्यांमध्ये जर तोच पाठ सापडत असेल, तर तो जुना असण्याचा संभव जास्त. हे काम ज्यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलं, त्या वि. सी. सुखटणकरांचं शिक्षण केंब्रिजला गणितात झालं होतं. नंतर ते बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपल्या प्रत्येक घरात माहीत असलेली गोष्ट या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली आहे. गोष्ट वाईट म्हणून ती काढली नाही. सगळ्या परंपरांच्या पोथ्यांत ती सापडत नाही म्हणून ती बाजूला ठेवली. आवडती गोष्ट पुराव्यासाठी बाजूला ठेवायला केवढं धाडस लागत असेल!

हे मुलांना कसं शिकवायचं? भोंडल्याचं एकच गाणं तीन आज्यांकडून लिहून आणायला सांगा. एक आजी घाटावरची असेल, एक कोकणातली, एक विदर्भातून इकडे आलेली. तिन्ही कागद शेजारी ठेवा. शब्द बदललेले दिसतील, नातेवाइकांचा क्रम बदललेला दिसेल, एखादं कडवं एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं दिसेल. ‘यातलं बरोबर कोणतं?’ असं कुणीतरी विचारणारच. तिथे घाईनं उत्तर देऊ नका. जात्यावरच्या ओव्यांचं असंच काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं केलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ओवी सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी तिच्याबरोबर नोंदवलं, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या मुलांनाही तेवढं शिकवूया: आजीला विचारूनच लिहायचं, आणि तिचं नाव कागदावर घालायचं.

खेळाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे आपण सगळ्यात कमी प्रश्न विचारतो.

कॅनडातली गोष्ट आहे. रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ बायको-मुलांसोबत कुमार खेळाडूंचा आइस हॉकीचा सामना बघायला गेले होते. त्यांची पत्नी पॉला कार्यक्रमपत्रिका चाळत होती. तिच्या लक्षात आलं, की खेळाडूंच्या जन्मतारखा जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्याच जास्त आहेत. घरी येऊन त्यांनी आणखी संघांच्या याद्या तपासल्या, आणि तसंच दिसलं. १९८५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण जादूचं नव्हतं. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. दहाव्या वर्षी ते अंतर उंचीत आणि ताकदीत दिसतं. थोरला निवडला जातो, त्याला जास्त सराव मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरंच चांगला खेळू लागतो. धाकट्याला आपण म्हणतो, ‘तुझ्यात दम नाही.’

आता तुमच्या शाळेचा खो-खोचा किंवा कबड्डीचा संघ डोळ्यासमोर आणा. निवडचाचणीत आपण किती मुलांना असं परत पाठवलं असेल? स्पर्धेच्या नियमावलीत वय कोणत्या तारखेला मोजतात ते बघा, आणि मुलांनाच संघाच्या जन्ममहिन्यांचा तक्ता करू द्या. एका संघात जेमतेम डझन-दीड डझन मुलं, तेवढ्यावरून काही सिद्ध होणार नाही, हेही त्यांना कळू द्या. मग ते शेजारच्या शाळांच्या याद्या मागतील. तालुक्याचा तक्ता होईल. कदाचित आपल्याकडे असं काही नाहीच, असंही निघेल, आणि तेही लिहून ठेवायचं. जाता जाता एक सांगतो, जुन्या रजिस्टरात अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली असते. नोंद म्हणजे सत्यच, असं धरून चालत नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

काही सहकारी म्हणतात, ‘असं असेल तर सगळ्यालाच संशोधन म्हणायचं का?’ नाही. क्रिकेटपटूंचे फोटो चिकटवलेली वही हे संशोधन नाही, तसा दुकानातला ज्वालामुखीही नाही. उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न हवा, दुसऱ्याला तपासता येईल अशी नोंद हवी, आणि आपला अंदाज चुकला तर तो मान्य करायची तयारी हवी. यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तबला पुन्हा वाजवून बघता येतो. पोथी लिहिणारा लेखनिक पुन्हा येऊन सांगणार नाही. मैदानावरची मुलं तर मोजेपर्यंत वाढलेली असतात.

म्हणूनच प्रकल्पाच्या त्या एकाच साच्याबद्दल माझी तक्रार आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. रसायनाच्या प्रयोगाला तो उत्तम आहे. भोंडल्याची गाणी गोळा करणाऱ्या मुलीनं ‘साहित्य’ या रकान्यात काय लिहायचं? ‘वही, पेन, आजी’? आमच्याकडे एका मुलीनं खरंच तसं लिहिलं होतं, आणि परीक्षकांनी हसून तिचा कागद खाली ठेवला. मला त्या हसण्याचा राग आला होता, अजून येतो.

पालकांचा प्रश्नही रास्त आहे: ‘याचे मार्क मिळणार का?’ साचा तोच राहिला तर नाही मिळणार, हे खरं सांगायला हवं. पण अंतर्गत मूल्यमापनाचे रकाने बऱ्याच अंशी आपल्याच, म्हणजे शिक्षकांच्याच हातात असतात. मुख्याध्यापकांशी बोलून यंदाच्या प्रदर्शनात भाषा आणि खेळाला एकेक टेबल मागून बघा. पालकांनी एवढंच करावं, की रात्री जागून काही चिकटवू नये. मुलगा जन्मतारखांची यादी घेऊन बसला असेल तर बसू द्यावं, आणि विचारावं, ‘काय दिसतंय रे तुला?’