किल्ल्याच्या संचातील शब्द

दिवाळीत बेळगावच्या गल्लीबोळांत मातीचे किल्ले उभे राहतात. तिथे मोठी मुले धाकट्यांना करून दाखवतात. लेखी सूचनांची गरज पडत नाही. पुठ्ठ्याचे भाग जोडून किल्ला करण्याचा संच मात्र एखादे मूल एकटेच उघडते, आणि शिकवणाऱ्याची जागा चित्रपत्रकाला घ्यावी लागते. आपल्या सीमाभागासाठी असे संच तयार करणाऱ्यांनी या पत्रकातून शब्दांना सरसकट रजा देऊ नये, असे आमचे मत आहे.

निःशब्द पत्रकाचे सामर्थ्य आम्ही नाकारत नाही. डेन्मार्कच्या लेगोची पुस्तिका कोणतीही भाषा बोलणारे मूल वापरू शकते. त्या त्या पायरीला लागणारे तुकडे संख्येसह चौकटीत दाखवलेले असतात, पाहण्याचा कोन उगाच बदलत नाही, आणि वस्तू फिरवायची असेल तर बाण ते सांगतो. अकिरा योशिझावा यांच्यापासून रूढ झालेल्या ओरिगामीच्या खुणांत तुटक रेषा आणि रेघ-टिंबांची रेषा एवढ्यावरून घडी दरीसारखी आत की डोंगरासारखी वर, हे कळते. हे सारे निःसंकोच उचलावे. डावा व उजवा बुरूज आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतील, तर दोहोंवर निराळी खूण करावी. घोटाळा बहुधा तिथेच होतो.

कृती चित्राने सांगावी. पण नाव सांगणे चित्राला जमत नाही. तटाच्या माथ्यावरच्या चर्या, मारा करण्यासाठी ठेवलेल्या जंग्या, तटावरून चालण्याची फांजी, पहारेकऱ्यांच्या देवड्या, मोठ्या दाराच्या पोटातली दिंडी (दिंडी म्हटले की आपल्याला वारीच आठवते!). नुसते ‘क ४’ छापले, तर मुलाच्या हाती पुठ्ठा येतो, शब्द येत नाही. ज्याची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, त्याच्या कानी फांजी एरवी कुठून पडणार? घरी आजीही तो शब्द वापरत नाही.

म्हणून तुकड्यावरच छापावे: ‘क ४, फांजी’. एकच शब्द, ठळक अक्षरांत. ‘दुमडा’, ‘चिकटवा’ वगळले तरी चालेल. शेजारचा कन्नडभाषक मित्र चित्रे पाहून तोच किल्ला बांधील आणि जाताना एखादा शब्द सोबत नेईल. आम्हांला त्याचा आनंदच आहे.

छपाईपूर्वी पत्रक अशा मुलाला द्यावे, ज्याने तो संच पाहिलेला नाही. पत्रक काढणाऱ्याने शेजारी गप्प बसून मूल कुठे अडते ते टिपावे, आणि आठवड्याने त्यालाच तुकड्यांची नावे विचारावीत.