पाचवा मित्र बोलला, पण उशिरा

सिरियल किलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. वेब सिरीज बघायची, पॉडकास्ट ऐकायचा आणि ‘असलं आपल्याकडं होत नाही’ म्हणून झोपायचं. पण चाकणहून आपल्यातले कितीतरी जण कॉलेजसाठी रोज पुण्याला जातात. तिथं टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय आहे. पुणं हादरवणारे खुनी याच कॉलेजचे विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा. तुमच्याच वयाचे.

१६ जानेवारी १९७६ला त्यांनी पहिला खून केला, तो प्रकाश हेगडे या वर्गमित्राचा. खंडणीसाठी. ‘घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घेतली, गळा आवळला आणि मृतदेह पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघं. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या घरातले पाच जण. त्यात घरकाम करणारी बाईही होती. मार्च १९७७मध्ये अनिल गोखले, कॉलेजमधल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ. ओळखीचा माणूस म्हणून तो जक्कलच्या मोटरसायकलवर बसला होता. एकूण दहा जीव गेले. त्या दिवसांत अंधार पडला की पुण्यातली दारं बंद व्हायची.

२७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. गोष्ट इथंच संपते असं आपण मानतो. मला मात्र पाचवा मुलगा आठवतो.

हेगडेच्या अपहरणाच्या कटात सुहास चांडक हा वर्गमित्रही होता. पुढं तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष खटल्यात महत्त्वाची ठरली. पण तो बोलला अटकसत्र सुरू झाल्यावर. पहिला खून आणि शेवटचा खून यांच्यात चौदा महिने गेले. धाकानं म्हणा, स्वतः अडकायच्या भीतीनं म्हणा, एक तोंड बंद राहिलं. त्या चौदा महिन्यांत आणखी नऊ माणसं मेली.

आता आपल्या कट्ट्याकडं बघा. कोयता हातात घेऊन रील टाकणारा कुणीतरी आपल्या ओळखीचा असतो. ‘त्याला एकदा दाखवतोच’ असं ग्रुपवर लिहिणारा असतो. आपण हसायची इमोजी टाकतो. असा प्रत्येक पोरगा खुनी निघत नाही, हे खरंच. प्रत्येकावर संशय घेत फिरा असंही कुणी म्हणत नाही. पण धमकी कुणाला आहे, कधीची आहे, हत्यार खरं आहे का, हे पोलिसांच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. तरी आपण गप्प बसतो, कारण ‘चुगलखोर’ हा शिक्का नको असतो.

दोस्ती म्हणजे तोंड बंद ठेवणं, हे कुणी शिकवलं आपल्याला? मित्राला वेळेवर अडवलं तर समोरचा वाचतो आणि मित्रही वाचतो. स्वतःला जमत नसेल तर घरच्या मोठ्यांना सांगा, सरांना सांगा, ११२ नंबर फिरवा. चाकण पोलीस ठाणंही लांब नाही.

साक्ष कोर्टात देण्याची वेळ येते, तेव्हा कुणाचा तरी जीव आधीच गेलेला असतो. त्याआधी बोला.