उत्प्रेरकाची थंड साक्ष (थ्रेड)

१/ बी.ए.एस.एफ. कंपनीत आल्विन मिट्टाश यांच्या गटाने १९१२ पर्यंत अमोनियानिर्मितीसाठी सुमारे २,५०० पदार्थ पारखले. चाचण्या झाल्या सुमारे ६,५००. उत्तम उत्प्रेरक हाती आला, पण तो काम कसे करतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. उत्प्रेरकांचा इतिहास बहुधा अशा यशापाशी येऊन थांबतो. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

२/ प्लॅटिनमची एक विचित्र खोड अर्विंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये मांडली. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनाला मदत करणारा हा धातू थंड असताना त्याच वायूने झाकला जातो. ऑक्सिजनला टेकायला जागाच उरत नाही. तापमान वाढून काही रेणू निसटले की अभिक्रिया एकाएकी वेग घेते. मोटारीचा धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक गाडी सुरू होताना निष्प्रभ का असतो, याचे एक मोठे कारण हेच.

३/ असे चिकटलेले रेणू 'दिसले' १९५४ मध्ये. टेक्साको कंपनीतील रॉबर्ट आयशेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकावर पसरलेल्या धातूकणांतून अवरक्त प्रकाश पाठवला. मुक्त कार्बन मोनॉक्साइड ४.६७ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. प्लॅटिनमच्या एका अणूला चिकटलेला रेणू ४.८ च्या सुमारास, तर दोन अणूंवर पुलासारखा बसलेला ५ च्याही पुढे. रेषेच्या जागेवरून रेणूची बैठक वाचता येऊ लागली.

४/ मात्र दिसणारा रेणू काम करणारा असतोच असे नाही. पुष्कळदा सर्वांत ठळक रेषा निव्वळ बघ्यांची असते. कामकरी रेणू क्षणभर येतात आणि जातात. थंड पृष्ठभागाची साक्ष म्हणूनच अपुरी. भट्टीत तापवावे, तर पात्र आणि वायूही तापतात, भिंती स्वतःच अवरक्त प्रकाश फेकू लागतात, शिवाय वेळ फार जातो.

५/ १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर सिद्ध केला. त्याचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश सिलिका भरपूर शोषते. त्यामुळे उत्प्रेरकाची दाबून केलेली पातळ चकती तेवढी तापते, पात्र थंड राहते. ४.८ ची रेषा या प्रकाशापासून दूर असल्याने ती त्याच वेळी वाचता येते. उष्णतेचा झटका बसताच कोणती रेषा आधी मावळते आणि कोणती जागची हलत नाही, यावरून बघे आणि कामकरी निराळे करता येतात.

६/ पद्धत निर्दोष नाही. चकतीचा मध्य कडेपेक्षा अधिक तापतो. केवळ उष्णतेनेही रेषा सरकते, रुंदावते. हा परिणाम वेगळा न काढता मांडलेले निष्कर्ष संशयानेच वाचावेत. तरीही थंड वर्णपटावरून गरम अभिक्रियेची कथा रचण्यापेक्षा हे दोष पत्करलेले बरे. पटेलांच्या लेझरची ओळख धातू कापणारे आणि शस्त्रक्रियेत वापरले जाणारे साधन एवढ्यावरच आटोपली जाते. त्या ओळखीत ही चिमुकली, तापलेली चकतीही असायला हवी.