आमची कॉलनी, त्यांची कॉलनी

वडाळ्यात कुणालाही पत्ता विचारा, त्यात 'कॉलनी' येतेच. स्टेशनवरून फाइव्ह गार्डन्सकडे चालत निघालात की पारसी कॉलनी. पुढे आंबेडकर रोड ओलांडला की हिंदू कॉलनी. उलट दिशेला, पूर्वेला गेलात तर पोर्ट ट्रस्टची कॉलनी आणि अँटॉप हिलला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएस कॉलनी. सेक्टर अमुक, बिल्डिंग तमुक. नवखा टॅक्सीवाला असेल तर तुमचं काही खरं नाही!

आपल्या आधीच्या पिढीसाठी चाळीतून कॉलनीत जाणं म्हणजे सरळसरळ प्रमोशन होतं. संडास घरात, खाली झाडं, मुलांना क्रिकेट खेळायला मोकळी जागा, गणपतीत एकांकिका स्पर्धा. 'मुलगा कॉलनीत राहतो' म्हटलं की लग्न जमवणाऱ्या मावशींचं निम्मं काम तिथेच व्हायचं.

आता गंमत बघा. हा शब्द मुळात शेतकऱ्याचा आहे. लॅटिनमध्ये 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणं आणि तिथे राहणंसुद्धा. कसणारा तो 'कोलोनस'. कल्चर आणि ॲग्रिकल्चर ही मंडळीही याच घरातली. रोमन लोक एखादा मुलूख जिंकायचे आणि निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवायचे. अशा वस्तीला ते 'कोलोनिया' म्हणत. थोडक्यात, व्हीआरएसचं पॅकेज! ऱ्हाईन नदीकाठच्या अशाच एका गावाला इ.स. ५० मध्ये हा दर्जा मिळाला आणि पुढे तेच त्याचं नाव झालं. आजच्या जर्मनीतलं कलोन ते हेच. तिथल्या सुगंधी पाण्याचं नाव ओ द कलोन. लहानपणी ताप चढला की आजी कपाळावर ज्या कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायची, त्या म्हणजे आपल्या कॉलनीच्या चुलत बहिणी.

आपल्याकडे 'वाडी'चं अगदी हेच झालंय. वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. गिरगावात झाडं गेली, चाळी आल्या, पण नाव वाडीच राहिलं. फरक इतकाच, की वाडी म्हणताना कुणी जिंकलं आणि कुणी हरलं हे ऐकू येत नाही. कोलोनियात ते पहिल्यापासून होतं. सैनिकाला जमीन मिळाली, ती आधी कुणाची तरी होतीच ना?

पुढे युरोपातल्या जहाजांनी हा शब्द जगभर नेला आणि त्याचा अर्थ 'राज्य करण्याचा मुलूख' असा झाला. (सरकारी कागदावर मात्र ब्रिटिश इंडिया ही 'कॉलनी' नव्हती. लंडनमध्ये कॉलन्यांसाठी कलोनियल ऑफिस होतं, आपल्यासाठी वेगळं इंडिया ऑफिस. व्हीआयपी गुलाम म्हणायचं का आपल्याला?) मराठीने या सगळ्याला एकच शब्द दिला, वसाहत. पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत आणि इतिहासाच्या पुस्तकातला वसाहतवाद. पण 'मी वसाहतीत राहते' असं म्हणणारी मैत्रीण मला अजून भेटलेली नाही. वसाहत बोर्डावर, कॉलनी तोंडात.

मुंबईत कॉलनीला भाव आला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये साथ आली. दाटीवाटीच्या शहरात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा-वडाळा-सायनच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आणि प्लॉट आखले गेले. मंचेरजी एदलजी जोशी नावाच्या पारशी इंजिनीअरने ट्रस्टकडून आपल्या समाजासाठी १०३ प्लॉट मिळवले. बड्या शेठियांसाठी नव्हे, मध्यमवर्गीय पारशांसाठी. शहरातल्या इतर पारशी बागांना कुंपण असतं, इथे ना भिंत ना गेट. म्हणून तर आपण सगळे फाइव्ह गार्डन्सला बिनधास्त जाऊन बसतो. बागांच्या नावात आज मंचेरजी जोशी आहेत.

त्याच वडाळ्यात १८९० पासून अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. इंग्रजीत 'लेपर कॉलनी' म्हणायचे ती याच प्रकारची जागा, शहराला नको असलेल्या माणसांसाठी वेगळी काढलेली. (म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थसाहेबांनी शाळिग्रामांच्या सोबतीने मराठी पोवाडे गोळा करून छापले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?) म्हणजे एकाच परिसरात एक कॉलनी हौसेने मागून घेतलेली आणि दुसरी नशिबाने वाट्याला आलेली.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो, हे मला ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्यामुळे कळलं. तो किंग्ज सर्कलला भाड्याने राहतो. लंचला कुणीतरी त्याला सहज विचारलं, "गावाला तुम्ही कॉलनीतच राहता का?" तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्याकडे हा प्रश्न असा विचारत नाहीत." तमिळनाडूच्या खेड्यात 'ऊर' म्हणजे गाव आणि 'कॉलनी' म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती. पत्ता सांगितला की जात सांगून होते.

केरळमध्ये जून २०२४ मध्ये मंत्री के. राधाकृष्णन यांनी अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांच्या नावांतून 'कॉलनी' काढायचा आदेश दिला. ते लोकसभेवर निवडून गेले होते आणि राज्यातलं मंत्रिपद सोडताना त्यांनी केलेलं हे शेवटचं काम. नगर, उन्नती, प्रकृती असे पर्याय दिले गेले. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनीही विधानसभेत जाहीर केलं, की हा शब्द वर्चस्वाची आणि अस्पृश्यतेची खूण बनलाय, म्हणून तो सरकारी नोंदींमधून काढणार.

आपण यावर मान हलवून 'तिकडे साउथला असंच असतं' म्हणू शकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारलाही वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घ्यावा लागला. महारवाडा, मांगवाडा यांच्या जागी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर. आपल्याकडे जे काम 'वाडा' करत होता, तेच तिकडे 'कॉलनी'ने केलं. पाटलाचा वाडा म्हटलं की दबदबा आणि महारवाडा म्हटलं की गावाबाहेर, शब्द तोच.

वडाळ्यात मात्र कॉलनी मागे पडतेय ती निव्वळ फॅशन गेली म्हणून. नव्या टॉवर्सना हाइट्स हवं, रेसिडेन्सी हवं. एका प्रोजेक्टचं नाव तर 'न्यू कफ परेड'. घर वडाळ्यात, नाव कुलाब्याकडचं! पत्त्याला वजन हवं ना, ईएमआयच्या मानाने. माझी यावर तक्रार नाही, फक्त एवढंच की ज्यांच्या नावाने मूळचं कफ परेड आहे, ते टी. डब्ल्यू. कफ त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे होते, ज्याने दादर-वडाळ्याचे प्लॉट पाडले.

हिंदू कॉलनीने मात्र नाव सोडलेलं नाही. तिथेच १९३० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राजगृह' बांधलं, हजारो पुस्तकं ठेवता यावीत अशा बेताने. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी सांगितलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हाही त्यांच्या दादरच्या घराचा पत्ता होता राजगृह, हिंदू कॉलनी. आजही तोच आहे.