पहिली रांग कोणासाठी?

मंडळी, आज आठवणच लिहितेय, पण गोड नाही. वाचून काही जण नाराज होतील. झाले तर झाले.

माझे आप्पा नंदुरबारकडचे. 1978 ला ताप्ती लाइनच्या पॅसेंजरनं उधन्याला उतरले आणि लूम्सच्या खात्यात लागले. चौतीस वर्षं पाळ्या केल्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची, बारा-बारा तास. आपल्यापैकी निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबल आवाजाची मर्यादा आहे. शटल लूमचं खातं ती सहज ओलांडतं, आणि पाळी आठ नाही, बारा तासांची. कानाला संरक्षण म्हणजे कापसाचा बोळा, तोही घरून नेलेला.

अशा आवाजानं कान एकदम बंद पडत नाही. आधी उंच, बारीक स्वर जातात. म्हणजे 'स', 'श', 'फ' असली अक्षरं गळतात आणि बाकीचं ऐकू येत राहतं. मग घरचेच म्हणतात, "यांना पाहिजे तेव्हा बरं ऐकू येतं!" मीही म्हणायचे. आता लाज वाटते.

आप्पांना नाटकाचं भारी वेड. लिंबायतच्या गणपतीत पोरांच्या नाटकात हवालदार नेहमी आप्पाच. मुंबईहून मोठं नाटक सुरतला आलं की तिकिटाला पहिला नंबर त्यांचा. दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका मंडळानं नाटक आणलं. मंडळाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाहीच. तिघांची तिकिटं काढली, पाचशे रुपयाला एक. रांग चौदावी.

आत शिरल्यावर पाहिलं, तर पुढच्या दोन रांगांवर 'राखीव' च्या चिठ्ठ्या. एका कार्यकर्त्याला विचारलं, "दादा, आप्पांना कमी ऐकू येतं, पुढे बसवता का?" तो म्हणाला, "ताई, ती रांग मान्यवरांची आहे. आणि ऐकूच येत नाही तर पुढे बसून काय करणार?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही.

दादा, काय करणार ते सांगते. लूम चालू असताना खात्यात कोणी ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोगच नसतो. ओठ बघायचे, हातानं खुणा करायच्या. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांतले कामगारही असंच बोलायचे. चौतीस वर्षं ओठ वाचून जगलेला माणूस पहिल्या रांगेत बसला असता, तर अर्धं नाटक त्यानं नटांच्या तोंडावरून उचललं असतं. चौदाव्या रांगेतून नटाचे ओठ दिसत नाहीत. पहिली रांग त्यांना मानासाठी नको होती, कानासाठी हवी होती.

कोणी म्हणेल, मशीन घातलं नव्हतं का? घातलं होतं. पण मशीन आवाज मोठा करतं तेव्हा एसीची घरघर, वेफर्सच्या पुडीची चुरचुर आणि मागच्यांची कुजबुजही मोठी करतं. म्हणूनच जगात बऱ्याच नाट्यगृहांत लूप बसवतात. प्रेक्षकांच्या भोवती तार फिरवायची आणि ती ॲम्प्लिफायरला जोडायची. मशीन 'टी' वर ठेवलं की माइकचा आवाज थेट कानात येतो. सगळ्या मशीनमध्ये 'टी' ची सोय नसते, पण पुष्कळांत असते. आप्पांच्या मशीनमध्ये ती होती. हॉलमध्ये तार नव्हती.

मी कानाशी लागून सांगायला लागले, तर मागून "श्शऽऽ" आलं. बरोबरच आहे, त्यांचेही पाचशे गेले होते. पहिली रांग मात्र दुसऱ्या प्रवेशापर्यंत अर्धी रिकामीच होती. मग मान्यवर आले, मोबाईलचे टॉर्च लावत. मध्यंतरात शाल-श्रीफळ झालं आणि त्यातले निम्मे निघून गेले. तेव्हाच आप्पा म्हणाले, "आवाज येस माय, पन बोल समजतस नही. चाल घर."

आम्ही घरी आलो. आप्पांनी त्यानंतर नाटकाचं नाव काढलेलं नाही.

त्याच दिवशी आमच्या गल्लीतला एक पोरगा व्हीलचेअरवर आला होता. दारात अकरा पायऱ्या. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि तो फोटो 'माणुसकी' म्हणून ग्रुपवर फिरला. त्याला कोणी विचारलं नाही. शेकडो लोकांसमोर पोत्यासारखं उचलून घेणं कोणाला आवडेल? तोही परत आलेला नाही.

आता कायदा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी-खासगी दोन्हींना धरते आणि सांस्कृतिक व करमणुकीच्या जागांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या इमारती सुधारायला पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022 मध्येच संपली. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सिनेमागृहांसाठी ऐकू न येणाऱ्यांच्या आणि न दिसणाऱ्यांच्या सोयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती सिनेमापुरती आहेत, रंगमंचावरच्या नाटकासाठी नाहीत.

आणि आपण कुठे राहतो? संजीवकुमारच्या सुरतमध्ये. 'कोशिश' मध्ये त्यानं ऐकू-बोलू न शकणारा माणूस उभा केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पालच्या ऑडिटोरियमला त्याचं नाव आहे. माझी तक्रार त्या हॉलबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. पडद्यावरच्या बहिऱ्यासाठी आपण रडतो. स्वागत थोरातांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' केलं, त्याला मराठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यांग माणूस रंगमंचावर असला की आपल्याला कौतुक. तोच तिकीट काढून शेजारी बसायला आला की अडचण.

मंडळांची उत्तरं मला पाठ आहेत.

"हॉल भाड्याचा आहे." मान्य. पण खुर्च्यांवर चिठ्ठ्या तुम्हीच लावता ना? मग दहा चिठ्ठ्यांवर 'ज्येष्ठ व दिव्यांग' लिहा.

"असे लोक येतातच किती?" पायऱ्या चढता येत नाहीत, ऐकू येत नाही, म्हणून येत नाहीत. खात्यात उभी हयात घालवलेली माणसं लिंबायत, दिंडोली, उधना, पांडेसऱ्यात घराघरात आहेत. त्यांचे कान एकदा मोजा.

"घरी मोबाईलवर बघा." तिथेही नाटकाखाली मराठी अक्षरं सहसा नसतातच. आणि नाटक घरी एकट्यानं बघायचं असतं, तर तुम्हीही घरीच बसला असता.

मागणं फार नाही. जाहिरातीत तारीख-वेळेसोबत लिहा: पायऱ्या किती, रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, खाली संडास आहे का. रांगेच्या कडेला व्हीलचेअरसाठी जागा सोडा, सोबतच्या माणसासकट. नाटकात गोळीबार किंवा झगझगणारे दिवे असतील तर आधी सांगा, काही मुलांना आणि फिट येणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. अंधार करायच्या आधी कमी दिसणाऱ्यांना जागेवर पोचू द्या. नाटक कंपनीकडे संहिता मागा आणि बाजूच्या लहान पडद्यावर संवाद दाखवा. प्रोजेक्टर प्रायोजकांच्या जाहिराती दाखवायला असतोच की! लूपसाठी हॉलवाल्यांना अर्ज द्या, एका मंडळानं नाही, सगळ्यांनी मिळून. मी सही करते.

पुढचं नाटक येईल तेव्हा मी आप्पांना घेऊन येणार आहे, हट्टानं. पूर्ण पैसे देऊन दोन तिकिटं काढीन आणि पहिल्या रांगेत बसवीन. मान्यवर आले की त्यांना चौदावी रांग दाखवा. त्यांना ऐकू येतं.