लॅपटॉप परत केला त्या दिवशी

मंडळी, गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी हळू आवाजात विचारलं, म्हणून आधी खुलासा करतो: मला कोणी काढलेलं नाही. अकरा वर्षांची नोकरी मी स्वतः सोडली आणि एप्रिलपासून स्वतंत्र सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून काम करतोय. आई अजून शेजारी ‘तो घरूनच काम करतो’ एवढंच सांगते.

सोडण्याआधी हिशेब सगळे केले होते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवला. आरोग्य विमा कंपनीचा होता, तो स्वतःचा घेतला. सीए मित्राने जीएसटीची २० लाखांची मर्यादा समजावली, आगाऊ कराची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून घेतली. एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नव्हती. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, तासाभरात मेल बंद झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका कामात जुन्या डेटाबेसमधली गुजराती नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन दिसायला लागली. हे मी पूर्वी सोडवलं होतं. नीट लिहूनही ठेवलं होतं. पण कुठे, तर कंपनीच्या आतल्या पानांवर. एका ओळीच्या सेटिंगसाठी अख्खा दिवस गेला. तक्रार नाही, त्या लिखाणाचा पगार मिळत होता. पण अकरा वर्षं लिहून माझ्याजवळ एक ओळही नव्हती, हे त्या संध्याकाळी लागलं.

तेव्हा ठरवलं की यापुढे सुटलेली प्रत्येक अडचण स्वतःच्या नावावर लिहायची आणि कोणालाही वाचता येईल अशी ठेवायची. बाबांना हे अजिबात पटलं नाही. ते मकरपुऱ्यात टूलरूममध्ये आयुष्यभर राबले. त्यांचे उस्ताद मशीन सेट करताना पाठ फिरवून उभे राहायचे, म्हणजे पोरांना दिसू नये. “सगळं लिहून दिलंस तर तुला बोलावतील कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तीच भीती मलाही होती.

मग मकरपुरा जीआयडीसीतल्याच एका व्हॉल्व्हच्या कारखान्यातून बोलावणं आलं. शेठ म्हणाले, “सिस्टम खोटो स्टॉक बतावे छे.” कॉम्प्युटरमध्ये माल आहे, रॅकवर नाही; रॅकवर आहे तो कॉम्प्युटरमध्ये नाही. तीन रात्री बसून मोजणी झाली होती. आणि शेठनी तोंडाने म्हटलं नाही तरी संशय स्टोअर सांभाळणाऱ्या काकांवर होता. बावीस वर्षं तिथे असलेला मराठी माणूस. मी गेलो तेव्हा ते माझ्याशी बोलायलाही तयार नव्हते. त्यांना वाटलं, मला त्यांना पकडायलाच आणलंय.

मी त्यांना एवढंच म्हटलं, “काका, रोज करता ते माझ्यासमोर एकदा करा.” त्यांनी सिस्टममधून आलेली फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, आकडे भरले, सेव्ह केली, परत चढवली. बस. चोर तिथेच होता. ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल. कुठला रकाना आकडा आणि कुठला नाव, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. एक्सेल आपल्या मनाने ठरवतं. ००४५७ हा पार्ट नंबर त्याला ४५७ वाटतो, आणि या कारखान्यात ४५७ नावाचा दुसराच पार्ट होता! ४-१० चं ४ ऑक्टोबर होतं. १२ई५ चे बारा लाख होतात. सोळा आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवतं. आणि सेव्ह केलं की हे फाइलमध्ये कायमचं. उपाय अवघा दोन मिनिटांचा: फाइल डबल-क्लिक न करता डेटा मेनूतून आत घ्यायची आणि कोडच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडायचा.

शेठना हे पटवणं मात्र दोन मिनिटांचं नव्हतं. “एवढी मोठी कंपनी असं सॉफ्टवेअर बनवेल?” मग मी त्यांना जनुकांची गोष्ट सांगितली. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी काही नावं होती. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि तशाच त्या प्रसिद्ध शोधनिबंधांबरोबर छापल्या जायच्या. अखेर २०२० मध्ये समितीने जाहीर केलं की त्या जनुकांची नावंच बदलली आहेत. ‘मार्च१’ आता ‘मार्चएफ१’ आहे. एक्सेल हललं नाही, जनुकं हलली. शेठ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग काकांकडे वळून म्हणाले, “चा मंगावो.” माफी काही मागितली नाही. काकांनी चहा घेतला नाही.

त्या रात्री टिपण लिहिलं. शेठची परवानगी घेतली, कारखान्याचं नाव गाळलं, कोड बदलले. एरवी मी साध्या इंग्रजीत लिहितो. हे मुद्दाम मराठीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीतही लिहिलं, आणि छापून काकांना दिलं. बाबांनीही वाचलं. काही बोलले नाहीत, फक्त शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

परवा काकांचा फोन आला. “तुमच्या टिपणात एक राहिलंय. भाच्याच्या लॅपटॉपवर नवं एक्सेल आहे. त्यात हे आपोआप बदलणं सेटिंगमधूनच बंद करता येतं.” तपासलं, तर खरंच, २०२३ मध्ये ती सोय आली आणि मला तिचा पत्ताच नव्हता. टिपणात परिच्छेद वाढवला, काकांना विचारून खाली त्यांचे आभार लिहिले. कारखान्यातलं एक्सेल अजून जुनंच आहे, तेव्हा तिथे काकांनी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी कायम आहे: ‘डबल-क्लिक करू नये.’